शाळांना जगाशी जोडण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जगभरच्या शाळांनी हवामानबदल, पाणी, कचरा, विषमता हे प्रश्न एकत्र शिकावेत आणि त्यावर काहीतरी करावं, याला कुणाचाच विरोध नसतो. त्यामुळे या कामाची सुरुवात फार सोपी असते. मुख्याध्यापक होकार देतात, मुलं हरखून जातात, पहिला व्हिडिओ कॉल झकास होतो. एकमेकांचे वर्ग पाहून होतात, खेळ आणि सुट्ट्यांबद्दल विचारून होतं. दुसऱ्या कॉलला काय बोलायचं, हे मात्र कुणी ठरवलेलंच नसतं. मी आधी वर्गात शिकवत होते, नंतर निरनिराळ्या देशांतल्या शाळा जोडणाऱ्या प्रकल्पांचं समन्वयन करू लागले. जे प्रकल्प थंडावताना पाहिले, ते बहुतेक याच टप्प्यावर थंडावले.

म्हणून नव्या समन्वयकाला मी एकच कसोटी सांगते. तुम्ही निवडलेला प्रश्न एका शाळेला एकटीनं सोडवता येतो का? येत असेल, तर दुसरी शाळा फक्त शोभेला आहे आणि हे मुलांच्या तुमच्याआधी लक्षात येतं. ‘हवामानबदलावर पोस्टर बनवून एकमेकांना पाठवू’ हा या जातीचा सगळ्यात लाडका उपक्रम. पोस्टरवर माझा जरा रागच आहे, हे मान्य करते. पण दोन खंडांतली मुलं वितळणाऱ्या पृथ्वीचं तेच चित्र काढून एकमेकांना पाठवतात, तेव्हा कुणाला कुणाकडून काय कळलं?

कसोटीला उतरणारा सगळ्यात जुना प्रयोग प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसचा. एकाच दिवशी दोन्ही शाळांनी आपापल्या ठिकाणी सूर्य माथ्यावर सर्वांत उंच असताना उभ्या काठीची सावली मोजायची आणि त्यावरून सूर्यकिरणांचा काठीशी होणारा कोन काढायचा. दोन कोनांतला फरक आणि दोन्ही शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर मिळालं की पृथ्वीचा परीघ निघतो. एका अंशाला साधारण 111 किलोमीटर यायला हवेत. एका शाळेची सावली उत्तरेकडे आणि दुसरीची दक्षिणेकडे पडत असेल, तर कोनांची वजाबाकी न करता बेरीज करायची, आणि ती का हे वर्गाला स्वतःला शोधू द्यायचं. हा काही जागतिक ‘समस्ये’चा विषय नाही. पण पहिल्या महिन्यात मी हाच देते. दुसऱ्या शाळेनं मोजमाप पाठवलं नाही तर आपलं गणित अडतं, हे मुलांना त्यातून लख्ख कळतं.

पुढचा माझा आवडता विषय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आहे. त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण अभ्यास आणि कृती यांची सांगड कशी बसते हे त्यात नीट दिसतं. एक छोटा मीटर घेऊन मुलं आधी मोकळ्या मैदानात मोजतात, मग वर्गात. मैदानातला आकडा 420 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) थोडा पुढे येतो, आणि हजारो किलोमीटरवरच्या शाळेतही जवळपास तेवढाच. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत 1958 मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा हा आकडा 315च्या आसपास होता, आणि उद्योगयुगाच्या आधी सुमारे 280. कुठेही सोडलेला वायू सगळ्यांच्या हवेत मिसळतो, हे वाक्य मी वर्गात कधी उच्चारत नाही. दोन तक्ते शेजारी ठेवले की मुलं ते आपणहून बोलतात.

इथे एक तांत्रिक खाचखळगा आहे. स्वस्त मीटरपैकी काही यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतात. खोक्यावर ‘एनडीआयआर’, म्हणजे अवरक्त प्रकाशानं थेट हाच वायू मोजणारं यंत्र, असं लिहिलेलं पाहूनच घ्या. त्यातलेही पुष्कळ मीटर काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा असं धरून स्वतःला जुळवून घेतात. म्हणजे दोन मैदानांतले आकडे जुळण्यात यंत्राचाही थोडा हात असू शकतो. हे मुलांपासून लपवू नका. ‘मग आपण खरं काय मोजलं?’ असा प्रश्न एखाद्या मुलीनं विचारला की समजा प्रकल्प रुळावर आला.

वर्गातला आकडा मात्र शाळेगणिक बदलतो. दारं-खिडक्या बंद आणि मुलं भरलेली असली की त्यांच्या श्वासानं तो सहज हजाराच्या पुढे जातो, म्हणजे हवा कोंडलेली असते. थंड प्रदेशातली शाळा खिडकी उघडते तेव्हा खोली तापवण्यासाठी जाळलेलं इंधन वाया जातं. रहदारीच्या रस्त्यालगतची शाळा खिडकी उघडते तेव्हा धूळ आणि आवाज आत येतो. एकच प्रश्न, दोन ठिकाणी दोन वेगळ्या अडचणी. मी पाहिलेल्या एका जोडीत दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांच्या वर्गासाठी उपाय सुचवले, आणि समोरच्यांनी ते का जमणार नाहीत हे कळवलं. त्या पत्रव्यवहारात जेवढं शिकणं झालं तेवढं कुठल्याच भाषणात होत नाही. शेवटी दोघांनी आपापल्या सोयीनं वर्ग केव्हा मोकळा करायचा, खिडक्या किती वेळ उघड्या ठेवायच्या ते ठरवलं आणि पुन्हा मोजलं. कृती म्हणजे एवढंच: मुलांच्या हातातलं काहीतरी बदलायचं आणि बदल झाला का ते त्याच मापानं तपासायचं.

माप ‘तेच’ असायला हवं, यावर मी हट्टी आहे. अमेरिकेच्या पुढाकारानं 1995 मध्ये सुरू झालेल्या ग्लोब या शाळांच्या निरीक्षण कार्यक्रमात मुलं दिवसाचं कमाल-किमान तापमान स्थानिक सौर माध्यान्हाच्या आगेमागे एका तासात नोंदवतात. घड्याळातले बारा तिथे चालत नाहीत. नव्या शिक्षकांना हे काटेकोरपण जाचक वाटतं, पण त्याच्याशिवाय दोन शाळांची तुलना करताच येत नाही.

कृती कोण ठरवतं, हा यापुढचा नाजूक भाग. युनिसेफसाठी 1992 मध्ये रॉजर हार्ट यांनी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळच्या तीन पायऱ्यांवर मुलं वापरली जातात, सजावटीला उभी केली जातात किंवा नावापुरती बोलावली जातात, आणि हार्ट त्याला सहभाग मानतच नाहीत. घोषणा मोठ्यांनी लिहायच्या, फलक मुलांनी धरायचे आणि फोटो संस्थेच्या अहवालात छापायचा, हे चित्र या क्षेत्रात तुम्हाला वारंवार दिसेल. मला विचाराल तर अशा वेळी फलक धरायला न लावलेलंच बरं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेतलं बारावं कलम मुलांना त्यांच्याविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व समज पाहून महत्त्व मिळण्याचा हक्क देतं. मुख्याध्यापकांशी बोलताना हे कलम फार उपयोगी पडतं.

एक सूचना जरा कडक शब्दांत. एक शाळा श्रीमंत आणि दुसरी गरीब असेल तर महिन्याभरात कुणीतरी देणगी गोळा करण्याचा विषय काढतं. हेतू चांगला असतो. पण त्या दिवसापासून एक शाळा देणारी आणि दुसरी आभार मानणारी होते, आणि आभार मानणाऱ्या मुलांना मग प्रश्न विचारायची मोकळीक राहत नाही. दानाचं काम करायचंच असेल तर त्यासाठी वेगळी वाट करा. सुरुवातीच्या करारातच ‘पैसे आणि वस्तूंची देवाणघेवाण नाही’ ही ओळ घालून ठेवा.

वेळापत्रकाबद्दल बोलायला कंटाळा येतो, पण निम्मं काम तेच आहे. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, युरोपात बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या सुमारास, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस. त्यामुळे दोन्हीकडे वर्ग भरलेले आहेत आणि परीक्षा नाहीत असे सलग सहा आठवडे मिळाले तर नशीब समजा आणि प्रकल्प त्यातच बसवा. 5 जूनचा पर्यावरण दिन गाठायचा आग्रह धरू नका. कित्येक देशांत तेव्हा परीक्षा नाहीतर सुट्टी असते. युरोप आणि अमेरिकेत मार्चमध्ये उन्हाळी वेळेसाठी घड्याळं वेगवेगळ्या रविवारी एक तास पुढे सरकतात, जपानमध्ये सरकतच नाहीत. या दोन-तीन आठवड्यांत ठरवलेले कॉल हमखास चुकतात. मी आता थेट कॉल मोजकेच ठेवते. बाकी सगळं रेकॉर्ड केलेल्या दोन मिनिटांच्या निरोपांवर आणि सामायिक तक्त्यावर चालतं. भाषेत कच्ची असलेली मुलंही त्यात बोलती होतात, कारण निरोप पुन्हा ऐकता येतो.

जोडीदार शाळा कुठे शोधायची? युनेस्कोच्या संलग्न शाळांचं जाळं 1953 पासून आहे, पण त्यात शिरायचं तर आपल्या देशाच्या राष्ट्रीय समन्वयकामार्फत जावं लागतं आणि धीर धरावा लागतो. 1988 मध्ये मॉस्को आणि न्यूयॉर्कच्या शाळा जोडून सुरू झालेलं आयअर्न हे शिक्षकांचं जाळं एकट्या उत्साही शिक्षकाला जास्त सोयीचं. युरोपातल्या शाळांसाठी 2005 पासून ई-ट्विनिंग आहे. जोडीदार नको, आधी आपल्याच शाळेची घडी बसवायची आहे, असं वाटत असेल तर 1994 पासूनच्या इको-स्कूल्सची सात टप्प्यांची पद्धत पाहा. तिची सुरुवात मुलांच्या समितीपासून आणि शाळेच्या तपासणीपासून होते. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची 17 ध्येयं प्रत्येक जाळ्यात भेटतील. त्यांची रंगीत चिन्हं भिंतीवर लावून थांबणारे पुष्कळ. जोडीदार शाळेच्या शिक्षकाला पहिल्याच पत्रात ‘तुमच्या आठवड्यातले कोणते तास यासाठी मिळतील?’ असं विचारा. ठोस उत्तर आलं नाही तर दुसरी शाळा बघा.

फोटोंचं सांगायलाच हवं. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचा चेहरा, पूर्ण नाव आणि शाळेचा पत्ता एकत्र कुठेही जाऊ देऊ नका. युरोपातल्या शाळा 2018 पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमांमुळे याबाबत काटेकोर असतात. त्यांच्या संमतिपत्राचा नमुना मागून घ्या, तयार मिळतो.

आता नोकरीबद्दल. या कामाची पदवी कुणी विचारत नाही. संस्था समन्वयक घेताना तुम्ही एखादा प्रकल्प शेवटापर्यंत नेला आहे का, हे पाहतात. म्हणून अर्जासोबत ध्येयधोरणांवरचा निबंध जोडण्यापेक्षा एका छोट्या प्रकल्पाचा तक्ता, आधीची-नंतरची मोजमापं आणि मुलांनी स्वतः घेतलेला एक निर्णय दाखवा. पगार शिक्षकाच्या आसपासचा, पुष्कळदा कंत्राटी, आणि निधीचं चक्र संपलं की पद संपण्याची भीती कायम. वर्गात शिकवण्याचा अनुभव नसेल तर आधी वर्षभर तरी शाळेत काढा. शिक्षकाच्या दिवसात रिकामी पंधरा मिनिटं किती दुर्मीळ असतात हे ज्याला माहीत नाही, त्याचे ईमेल फार लांब होतात.

आणि प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक घ्या, एक कधीच नको. बदली होते, बाळंतपण येतं, कुणी शाळा सोडतं. दुसऱ्या शिक्षकाकडे तक्त्याची, संमतिपत्रांची आणि समोरच्या शाळेच्या संपर्काची प्रत पहिल्या आठवड्यातच द्या.