बैल पाखाडी चढले कसे? कथेतलं स्थळ रंगवताना या चुका टाळा

माझी कोकणातली पहिली कथा आत्याने वाचली, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "अरे, बैल पाखाडी चढले कसे?"

कथेत नव्या सुनेचं सामान बैलगाडीतून थेट अंगणात उतरत होतं. घर डोंगरउतारावर होतं आणि वर जायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी होती. हे वर्णन दोन पानं आधी मीच मोठ्या हौसेने केलं होतं. पायऱ्या बांधल्या मी आणि त्यांवरून गाडीही हाकली मीच.

त्यानंतर नव्या लेखकांच्या बऱ्याच कथा वाचल्या. त्यांत माझा बैल वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतो. मुळात घोटाळा एकच असतो: स्थळ म्हणजे नाटकामागचा रंगवलेला पडदा, पात्रं पुढे येऊन बोलली की त्याचं काम संपलं, अशी समजूत. खरं तर कोण कुणाला भेटू शकतं, कुणाचं भांडण कुणाला ऐकू जातं, कुणाला किती वेळ मिळतो, हे ते स्थळच ठरवतं.

आधी दुखणं ओळखा

कथेतल्या गावाचं नाव खोडा आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव घाला. एकही वाक्य अडलं नाही, तर तुमच्या कथेला स्थळ नाही, फक्त पत्ता आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ला (१९५५) ही कसोटी लावून पाहा. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला तरुण मास्तर आणि शेवटी पडलेला दुष्काळ. मेंढरं जगवायला माणसं वाडी सोडून जातात, मास्तरची शाळाच उरत नाही. हीच वाडी दापोलीजवळ नेली तर कादंबरीचा शेवट हातातून निसटतो. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) तर स्थळ म्हणजे युरोपातून निघालेलं जहाज आहे. चक्रधर आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू हॅर्टा यांना त्या जहाजाबाहेर जागा नाही आणि प्रवास कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांच्या प्रेमाला मुदत घातली आहे ती जहाजाने.

'एक खेडेगाव होतं'

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. पिंपळाचा पार, मारुतीचं देऊळ, विहिरीवरच्या बायका, दुरून येणारा घंटांचा आवाज. असं गाव महाराष्ट्रात कुठेही नाही, ते फक्त कथांमध्ये वसलेलं आहे.

एकाच सातारा जिल्ह्याचं घ्या. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला दहिवडीकडे तो ५०० च्या आसपास घुटमळतो. जिल्हा एकच, पण एकीकडे चार महिने कपडे वाळत नाहीत आणि दुसरीकडे ढग आला की माणूस हातातलं काम टाकून वर बघतो. 'पाऊस आला' हे एकच वाक्य दोन्हीकडे वेगळ्या अर्थाचं होतं.

आता घरं बघा. देशावरचं जुनं गाव म्हणजे गावठाण. पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जागेत, भिंतीला भिंत लावून घरं आणि सभोवार काळी, म्हणजे शेतजमीन. रात्री एका घरात आवाज चढला की चार घरं जागी होतात, सासूने सुनेला काय म्हटलं ते सकाळी पाणवठ्यावर पोचलेलं असतं. कोकणात मात्र गाव वाड्यावाड्यांत विखुरलेलं. प्रत्येक घर आपल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आत, माडापोफळींच्या सावलीत. तिथे घरातली गोष्ट घरातच मुरते, वर्षानुवर्षं. देशावरच्या कथेत 'ही गोष्ट कुणालाच कळली नाही' असं लिहायचं असेल, तर ती कशी लपली ते सांगावं लागेल. कोकणातल्या कथेत उलट, ती बाहेर कशी फुटली ते सांगावं लागेल. कथानकाचं अर्धं काम इथेच होऊन जातं.

किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण तर विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाट. लातूर-उस्मानाबाद भागातली घरं जाड दगडमातीच्या भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. बाहेर झोपलेले बरेच वाचले. पुढे पन्नासाहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. शेजारीण भिंतीपलीकडे होती, ती रस्त्यापलीकडे गेली. या भागातली १९९० ची कथा आणि १९९८ ची कथा एकाच शेजारपणाची असू शकत नाही.

उपाय अगदी साधा आहे. कागद घ्या आणि गावाचा नकाशा काढा, चित्रकला येत नसली तरी. घर, पाणी, दुकान, देऊळ, एसटीचा थांबा, शेत. दोन ठिकाणांच्या मध्ये चालायला किती मिनिटं लागतात ते लिहा. कुणाच्या दारावरून जावं लागतं तेही लिहा, कारण कुणाच्या दारावरून जायचं आणि कुणाच्या नाही, यात जात, भाऊबंदकी आणि जुनी वैरं सगळं येतं. आत्याने झाडल्यावर मी असाच नकाशा काढला. गाडी खाली रस्त्यावर थांबली आणि चौघांनी ट्रंक खांद्यावर घेऊन पाखाडी चढायला सुरुवात केली. चढताना धाप लागली, ते मध्येच टेकले आणि टेकल्यावर बोलायला लागले. सुनेच्या माहेरचं सगळं बिंग त्या बोलण्यात फुटलं. हा प्रसंग मला बैलगाडीने कधीच दिला नसता.

लक्ष्मीपूजनाचा चंद्र

दरवर्षी एक तरी कथा अशी येते, जिच्यात लक्ष्मीपूजनाच्या रात्री नायक-नायिका गच्चीवर जातात आणि वर पूर्ण चंद्र हसत असतो. अहो, लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं! पणत्यांना मोल आहे ते त्या काळोखामुळेच. संकष्टीचा उपास संध्याकाळी दिवेलागणीला सोडणारी पात्रंही भेटतात. संकष्टीला चंद्र उगवायला रात्र व्हावी लागते. आणि त्या ताटकळण्यातच घरातल्या भुकेल्या माणसांचा एक छान प्रसंग दडलेला असतो, तो हातचा जातो.

शेतीचं वेळापत्रकही असंच. बीडकडच्या गावात जानेवारीत अख्खं गाव पारावर जमलंय असं लिहिण्याआधी विचार करा. ऊसतोडीचे मजूर दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन कारखान्यांकडे निघालेले असतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. ही माणसं परततात ती हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला. जानेवारीत गावात म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं. तुमची पारावरची सभा मग कुणाची? म्हाताऱ्यांची सभा लिहा, ती जास्त खरी होईल.

यावर माझ्याकडे एकच तोडगा आहे. भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर जवळ ठेवा आणि प्रत्येक प्रसंगाच्या समासात महिना, तिथी आणि शेतात काय उभं आहे ते पेन्सिलीने लिहा. जुन्या काळच्या कथेला पैशाचंही भान ठेवा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. १९५० मधल्या पोराने 'पंचवीस पैसे दे' म्हटलं की वाचक कथेतून उठून बाहेर जातो. तो चार आणेच मागणार.

मुंबई म्हणजे मरीन ड्राइव्ह, लोकल आणि वडापाव

ओळखीच्या जागांची नावं एकामागून एक घेतली की शहर उभं राहतं, असं नवख्यांना वाटतं. मग डोंबिवलीला लोकलमध्ये बसलेली नायिका गाडी न बदलता चर्चगेटला उतरते. डोंबिवली मध्य रेल्वेवर, चर्चगेट पश्चिम रेल्वेवर. तिला दादरला उतरून, पूल चढून, दुसऱ्या गर्दीत शिरावं लागेल. लेखकाला ही कटकट वाटते. मला विचाराल तर, तिला जुना मित्र भेटायचा असेल तर तो त्या पुलावरच भेटावा, कारण तिथे थांबायला दोघांनाही वेळ नाही आणि मागून लोक ढकलत आहेत.

गिरणगावावर लिहिताना सालाकडे जास्तच लक्ष हवं. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात तुमचा नायक भोंग्यावर उठून डबा घेऊन पाळीला निघाला असेल, तर दोन शक्यता आहेत. एक, तुम्ही साल तपासलेलं नाही. दुसरी, तो संप मोडून कामावर चालला आहे. मग चाळीच्या गॅलरीतून त्याच्याकडे कोण बघतं, कोण नजर फिरवतं, त्याच्या बायकोला नळावर कोण नंबर देत नाही, हीच तुमची कथा आहे. बाकीचं सगळं बाजूला ठेवा.

चाळीच्या खोलीचं मापही लिहिताना डोळ्यांसमोर हवं. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. एवढ्या जागेत सहा माणसं आणि एक नवं जोडपं. इथे 'तो आपल्या खोलीत जाऊन दार लावून रडला' हे वाक्य लिहिताच येत नाही. रडायला त्याला चौपाटीवर जावं लागेल, नाहीतर संडासात, आणि तिथे बाहेरून कडी वाजवणारे असतात.

'लई' टाकलं की गाव झालं?

नाही झालं. 'लई', 'व्हय' ही कोल्हापूर-साताऱ्याकडची नाणी वऱ्हाडात चालत नाहीत. वऱ्हाडातला माणूस 'मले', 'तुले', 'काहून' म्हणेल. मालवणातला 'खंय चललंस?' विचारेल. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) कौतिकचं घर ज्या बोलीत बोलतं, ती वऱ्हाडी उपरी वाटत नाही, कारण तिथली गरिबी, नाती, भांडणं सगळी त्याच बोलीत घडतात.

तुम्हाला बोली येत नसेल तर ती खोटी उभी करू नका. संवाद साध्या मराठीत लिहा आणि हाका मात्र तिथल्या ठेवा. आईला आय, माय की आवशी म्हणतात, थोरल्या भावाला दादा की आणखी काही, एवढं त्या गावच्या एखाद्या माणसाकडून खात्रीने काढून घ्या. नंतर संवाद त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो अडखळेल तिथे खूण करा. जिथे हसेल तिथे दोन खुणा.

अभ्यास केलाय हे दिसायला नको

वरच्या सगळ्या सल्ल्यांचा एक वाईट परिणामही होतो, तो सांगून टाकतो. माणूस गॅझेटिअर उघडतो आणि कथेत पीकपाणी, पर्जन्यमान, देवळाची बांधणी, सगळं ओततो. पहिल्या परिच्छेदात सूर्य उगवतो, दुसऱ्यात नदीचा उगम येतो, पात्र चौथ्या पानावर जागं होतं.

दुरुस्तीसाठी मी एक नियम ठेवला आहे: जागेबद्दलची माहिती एखाद्या पात्राच्या कामात अडथळा आणत असेल किंवा त्याला मदत करत असेल तरच राहील. चाळीवरच्या एका कथेसाठी मी वहीची अकरा पानं भरली होती. किती इमारती, किती खोल्या, केव्हा बांधल्या, जिना कसा वळतो. लिहून झाल्यावर ती सगळी एकेक करून गळली. राहिली ती एवढीच ओळ: सकाळी साडेपाचला रांगेत तिच्यापुढे चार बादल्या होत्या आणि चौथी सासूची होती.