मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घेण्यापूर्वीची तयारी : आधी मॉनिटर, मग बोर्ड

टेबलावर दोन ४के (३८४० × २१६० बिंदूंचे) मॉनिटर, त्यांच्या मागे सहज बसेल असे, मिनी-आयटीएक्स या १७ सेंटिमीटर चौरस मदरबोर्डाचे लहान कॅबिनेट, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड न घालता दोन्ही पडद्यांवर दिवसभर मजकूर वाचता-लिहिता यावा, अशी अपेक्षा ठेवून संगणक असेंबल करून घ्यायचा असेल, तर खरेदीची सुरुवात मदरबोर्डापासून न करता मॉनिटरपासून करावी. मॉनिटरच्या मागच्या बाजूला कोणते पोर्ट आहेत, पडद्याचे मूळ रिझोल्यूशन किती आहे आणि ते कोणत्या पोर्टवर किती हर्ट्झला (म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होऊन) मिळते, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. ३८४० × २१६० च्या पडद्यावर देवनागरीतले रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे छापल्यासारखी स्वच्छ दिसतात, म्हणून मुद्रितशोधन किंवा अक्षरजुळणी करणाऱ्यांनी असा पडदा जरूर घ्यावा. मात्र तोच पडदा ३० हर्ट्झवर चालला तर माउसचा बाण अडखळतो, पान वर सरकवताना ओळी धूसर होतात आणि दुपारपर्यंत डोळे थकतात. त्यामुळे प्रत्येक पडद्याला ४के आणि ६० हर्ट्झ ही किमान अट ठरवावी, आणि पुढची सगळी निवड या अटीवर तपासून पाहावी.

पोर्टचा आकार पाहून या अटीचे उत्तर मिळत नाही, कारण एचडीएमआयची खाच सगळ्या बोर्डांवर सारखीच दिसते. फरक तिच्यातून दर सेकंदाला किती माहिती जाऊ शकते यात असतो. ४के चित्र ६० हर्ट्झला पाठवायचे तर पडद्याच्या कडेचा मोकळा वेळ धरून सेकंदाला ५९.४ कोटी पिक्सेल पाठवावे लागतात. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरले आणि तारेवरच्या संकेतनामुळे दर आठ बिटांमागे दहा बिट जातात हे लक्षात घेतले, तर हा आकडा सुमारे १७.८ गिगाबिटवर पोहोचतो. २००९ सालच्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ गिगाबिट असल्यामुळे तिथे ४के चित्र ३० हर्ट्झवरच थांबते, आणि २०१३ साली आलेल्या २.० ची मर्यादा १८ गिगाबिट असल्यामुळे तिथे ६० हर्ट्झ जेमतेम मावते. वापरलेला बोर्ड घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण इंटेलच्या सहाव्या ते दहाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अंगभूत ग्राफिक्समधून मुळात एचडीएमआय १.४ च निघत असे. बोर्ड बनवणाऱ्याने वेगळी रूपांतरक चिप बसवली असेल तरच त्या पोर्टवर २.० मिळते. अकराव्या पिढीपासून ही अडचण राहिली नाही.

म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरचे त्या बोर्डाचे स्पेसिफिकेशनचे पान उघडावे आणि ग्राफिक्सच्या रकान्यात प्रत्येक पोर्टपुढे लिहिलेले कमाल रिझोल्यूशन आणि हर्ट्झ वाचावेत. पुष्कळदा एकाच बोर्डावर डिस्प्लेपोर्ट या एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या व्हिडिओ पोर्टपुढे ६० आणि एचडीएमआयपुढे ३० असे वेगवेगळे आकडे असतात, आणि खोक्यावर मात्र ‘४के सपोर्ट’ एवढेच छापलेले असते. नुसत्या ‘एचडीएमआय २.१’ या शब्दांवरही विसंबू नये. २.१ मध्ये ४८ गिगाबिटपर्यंतची सोय असली तरी ती ऐच्छिक आहे. जुन्या १८ गिगाबिटच्या पोर्टलाही आता २.१ म्हणता येते, त्यामुळे आवृत्तीच्या क्रमांकापेक्षा हर्ट्झचा आकडा अधिक खरा मानावा.

माझा कल स्पष्टपणे डिस्प्लेपोर्टकडे आहे. २०१६ च्या डिस्प्लेपोर्ट १.४ आवृत्तीत ३२.४ गिगाबिटची क्षमता असल्यामुळे ४के ६० हर्ट्झ तिथे आरामात चालते आणि १२० हर्ट्झचीही वाट मोकळी राहते. बहुतेक बोर्डांवरच्या डिस्प्लेपोर्टमधून साध्या अडॅप्टरने एचडीएमआय काढता येते. उलट दिशेने मात्र साधा अडॅप्टर चालत नाही, वीज लागणारा सक्रिय रूपांतरक घ्यावा लागतो. लिनक्स वापरणाऱ्यांना आणखी एक कारण आहे : एएमडीच्या मुक्त स्रोत ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एचडीएमआय २.१ आणण्याचा प्रस्ताव एचडीएमआयचे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ साली नाकारला होता, आणि डिस्प्लेपोर्टच्या बाबतीत तशी आडकाठी नाही. यूएसबी टाइप-सी पोर्टमधून चित्र हवे असेल तर त्या पोर्टपुढे ‘डीपी ऑल्ट मोड’ (टाइप-सीमधून डिस्प्लेपोर्टचे चित्र पाठवण्याची सोय), यूएसबी४ किंवा थंडरबोल्ट ४ असे स्पष्ट लिहिलेले हवे. डेस्कटॉप बोर्डांवरचे पुष्कळसे टाइप-सी पोर्ट फक्त डेटासाठी असतात, आणि कॅबिनेटच्या दर्शनी भागातल्या टाइप-सीवर तर चित्राची अपेक्षा सहसा धरूच नये.

बोर्डावर कितीही चांगले पोर्ट असले तरी त्यांना चित्र पुरवतो तो प्रोसेसर, ही गोष्ट बिल करण्यापूर्वी पुन्हा एकदा पडताळावी. इंटेलच्या १२४०० या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे आणि १२४००एफ मध्ये नाही. दुकानात एफचा भाव कमी म्हणून तोच पुढे केला जातो, आणि मग बोर्डावरचे सगळे व्हिडिओ पोर्ट निर्जीव राहतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या जागेवर) रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. एएम५ वर रायझन ७००० पासून साध्या कामापुरते ग्राफिक्स जवळजवळ सर्वत्र आले असले तरी ७५००एफ सारखे अपवाद आहेत. एकाच वेळी किती पडदे चालतील याचीही मर्यादा असते : इंटेलच्या यूएचडी ७७० या अंगभूत ग्राफिक्सला चार पडदे चालतात, इंटेलच्याच सहा वॉटच्या एन१०० या लहान प्रोसेसरला तीन, आणि स्वस्त चिपसेटच्या (बोर्डावरच्या नियंत्रक चिपच्या) बोर्डावर ही संख्या त्याहून कमी असू शकते. अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते, तेव्हा बोर्डावर रॅमचे दोन स्लॉट असतील तर सोळा जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात, म्हणजे रॅम दोन वाहिन्यांतून अधिक वेगाने चालते. एन१०० ला रॅमची एकच वाहिनी असते, त्यामुळे त्याच्या बोर्डावर हा प्रश्न येत नाही. टपाल, हिशेब आणि मजकूर एवढेच काम असेल तर एन१०० पुरेसा आहे.

आकाराबाबत फार घोळ नाही. मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० × १७० मिलिमीटर. व्हिया कंपनीने २००१ साली आणलेले हे माप आजही तेच आहे, आणि असा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्येही बसतो. यात विस्तारासाठी सहसा एकच स्लॉट मिळतो. थिन मिनी-आयटीएक्स नावाचा उपप्रकार मात्र वेगळा ओळखावा, कारण त्याच्या मागच्या पोर्टांची उंची सुमारे २५ मिलिमीटर असते, त्याला लॅपटॉपची रॅम लागते आणि बहुधा १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर तो चालतो. कॅबिनेट निवडताना प्रोसेसरपासून झाकणापर्यंतची मोकळी उंची आणि एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) प्रकार या दोन्ही गोष्टी पाहाव्यात; लहान कॅबिनेटना १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटरचा एसएफएक्स लागतो आणि नेहमीचा एटीएक्स त्यात जात नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पंख्याखाली चालणारे यंत्र असेल तर ३५ वॉटच्या आसपासचा प्रोसेसर आणि जाळीचे झाकण निवडणे हिताचे आहे.

केबलची तजवीज त्याच दिवशी करावी. एचडीएमआयसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ हा शिक्का असलेली केबल ४के ६० हर्ट्झला पुरते, आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ गिगाबिटपर्यंत जाते. कार्यालयात किंवा महाविद्यालयात जुना व्हीजीए प्रोजेक्टर जोडावा लागत असेल तर व्हीजीए पोर्टच्या हट्टापायी चांगला बोर्ड सोडू नये. डिस्प्लेपोर्टला लावायचा व्हीजीए रूपांतरक वेगळा घ्यावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारातही दुकानाच्या फळीवर बहुतांश मायक्रो-एटीएक्स हे मोठ्या आकाराचे बोर्डच असतात आणि मिनी-आयटीएक्स मागवून द्यावा लागतो, त्यामुळे मॉडेलचे पूर्ण नाव, आवृत्तीसकट, लिहून द्यावे आणि ‘यासारखाच दुसरा’ बोर्ड पोर्टांचे तपशील पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. घेतलेला प्रोसेसर बायोसच्या (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) कोणत्या आवृत्तीपासून चालतो हे कंपनीच्या यादीत पाहून ते बायोस दुकानातच टाकून घ्यावे, किंवा प्रोसेसर न बसवता बायोस बदलण्याचे बटण असलेला बोर्ड घ्यावा. इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर जुन्या ६०० मालिकेच्या चिपसेटच्या बोर्डावर लावताना हे टाळता येत नाही. बिलावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. यंत्र घरी आल्यावर, माल परत करण्याची मुदत संपण्याआधी, दोन्ही मॉनिटर एकाच वेळी जोडून सेटिंगमध्ये प्रत्येकी ३८४० × २१६० आणि ६० हर्ट्झ दिसते का ते पाहावे, यंत्र झोपवून पुन्हा जागे करावे, आणि दोन्ही पडदे न चाचपडता परत येतात याची खात्री झाल्यावरच खोके माळ्यावर टाकावे.