रब्बीच्या जागलीसाठी लांब पल्ल्याची बॅटरी: आधी शेत मोजा, मग खोकं बघा

हरभरा घाटे धरू लागला, ज्वारी हुरड्यात आली, की रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रात्रीचे शेतात उतरतात. त्यातच कृषिपंपाची वीज रात्रपाळीला आली तर दारं धरायलाही (पिकाला पाणी द्यायलाही) अंधारातच जावं लागतं. या दिवसांत नवी बॅटरी घेतली जाते, ती बहुतेक वेळा खोक्यावरचे ‘२ किलोमीटर’, ‘१०,००० ल्युमेन’ असे आकडे पाहून. हे आकडे तुमच्या शेताशी ताडून बघा.

एक एकर म्हणजे साधारण ६४ मीटर बाजूचा चौकोन. पाच एकरांचा तुकडा चौकोनी असेल तर त्याची एक बाजू १४२ मीटर भरते आणि एका कोपऱ्यातून समोरचा कोपरा २०० मीटरवर येतो. मचाण मधोमध असेल तर सगळ्यात लांबचा कोपरा फक्त १०० मीटर. दोन किलोमीटरची गरज कुणालाच नाही.

ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका दिशेला किती एकवटलाय हे कॅन्डेला सांगतो, आणि पल्ला ठरतो तो कॅन्डेलावर. चांगल्या कंपन्या खोक्यावर जो पल्ला छापतात, तिथे उजेड पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उरलेला असतो. हिशेब सोपा आहे: कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कॅन्डेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४०० मीटर. पल्ला दुप्पट हवा तर कॅन्डेला चौपट लागतात. पण चांदण्याइतक्या उजेडात बांधावरचं डुक्कर आणि मातीचं ढेकूळ सारखंच दिसतं. म्हणून छापील पल्ल्याचा निम्माच कामाचा धरा. २०० मीटरवर ओळख पटवायची असेल तर ४०,००० कॅन्डेलाची बॅटरी घ्या. मचाण मधोमध असेल तर १०,००० ते १५,००० पुरतात. कॅन्डेला छापलेलेच नसतील तर ती बॅटरी दुकानातच राहू द्या.

काचेमागचा आरसा खोल, रुंद आणि गुळगुळीत असेल तर झोत लांब जातो. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत आरसा उजेड पसरवतो. भिंग पुढे-मागे सरकवून झोत बारीक करायच्या बॅटऱ्या बाजारात फार आहेत, पण झोत बारीक केला की बराच उजेड नळीतच वाया जातो आणि सरकत्या जोडातून दव व धूळ आत शिरते. जागलीला त्या घेऊ नका. दवासाठी निदान आयपीएक्स-४ (पाण्याचे शिंतोडे सोसणारी), पाटात पडण्याची भीती असेल तर आयपी-६७ (पाण्यात बुडाली तरी टिकणारी) छापलेली बघा.

खोटा आकडा ओळखायला सेलचा हिशेब करा. एका वॉटला सुमारे १०० ल्युमेन धरा. १८६५० नावाचा लिथियम सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) चांगल्यातला चांगला घेतला तरी ३,५०० एमएएचच्या (सेलच्या साठवणीचं माप) आसपास असतो, म्हणजे साडेबारा वॉट-तास. १,००० ल्युमेनला १० वॉट लागतात, म्हणजे तो सव्वा तास पुरेल. एका सेलवर १०,००० ल्युमेन म्हणजे १०० वॉट. ते शक्यच नाही. सेलवर ‘९,९०० एमएएच’ छापलं असेल तर तो नकली समजा. वजन करून बघा: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बऱ्याचदा त्याहून खूप हलका असतो. २१७०० हा जाड सेल ४,००० ते ५,००० एमएएचचा येतो आणि जागलीला तोच जास्त सोयीचा. पूर्ण झोतात बॅटरी दोन-तीन मिनिटांत तापते आणि स्वतःच उजेड कमी करते. तो बिघाड नव्हे.

पूर्ण झोत रात्रभर लागतही नाही. रात्री दहा ते पहाटे चार, दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट झोत फिरवला तर सहा तासांत १८ मिनिटंच जळतो. सेल संपतो तो चालताना आणि पाणी देताना. म्हणून पायाखालचा उजेड वेगळा ठेवा: १५० ते २०० ल्युमेनचा, पसरट. घोणस, मण्यार बांधाच्या गवतात असतात, आणि लांब पल्ल्याचा बारीक झोत पायाशी हातभर जागाच दाखवतो. सोबत गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला.

डोळ्यांच्या चमकेवर फसगत होते. रोही, गाय, कुत्रा, बिबट्या यांच्या डोळ्यांत मागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणून ते लांबून चमकतात. रानडुकराच्या डोळ्यांत तो थर नसतो. डोळे चमकले नाहीत म्हणून डुक्कर नाही असं समजून झोत पुढे सरकवू नका. आकार आणि हालचाल शोधा. आणि जमिनीलगत दोन डोळे चमकले, जागचे हलत नसले, तर जवळ जाऊ नका. बिबट्याच्या भागात बसून दारं धरू नका, उभं राहून आणि आवाज करत काम करा. झोताला जनावरं काही दिवसांत सरावतात, तेव्हा उजेडासोबत दरवेळी वेगळा आवाज द्या.

पौष-माघातल्या धुक्यात निळसर पांढरा उजेड डोळ्यांवरच परत येतो. ४,००० ते ५,००० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप) किंचित पिवळसर उजेड घ्या आणि बॅटरी डोळ्याजवळ न धरता कमरेपाशी, बाजूला धरा. कपाळावरच्या बॅटरीचा धुक्यात सगळ्यात जास्त त्रास होतो.

बंदुकीला लावायची पकड आणि दाबायचं बटण असलेल्या बॅटऱ्या ऑनलाइन मिळतात. पीक संरक्षणाचा परवाना असला तरी त्या बंदुकीवर लावू नका. जिकडे बघाल तिकडे नळी वळते, आणि शेजारच्या वाफ्यात कुणीतरी पाणी देत असतं. शोधायची बॅटरी हातात किंवा दुसऱ्या माणसाकडे असावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर किंवा रोही मारणं गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. मात्र तीच पकड मचाणाच्या बांबूला घट्ट बसवली तर बॅटरी हवी तशी फिरवता येते आणि हात मोकळे राहतात.

घेताना पारख दिवसा दुकानात होत नाही. रात्री परत करण्याच्या बोलीवर आणा. ओलं गोणपाट लांबच्या बांधावर, जमिनीपासून दोन फुटांवर अडकवा आणि मचाणावरून बघा. गोणपाट कुठलं आणि झुडूप कुठलं ते कळलं, तर बॅटरी पुरेशी आहे.

चार्जिंग मोटारीच्या खोपटात करू नका. तिथे तीन फेजची लाइन असते. न्यूट्रल सुटलं की चार्जरला २३० ऐवजी बरंच जास्त व्होल्टेज मिळतं आणि तो जळतो. घरीच चार्ज करा. शिसे-आम्लाचा सेल असलेली जुनी मोठी बॅटरी वापरल्यावर त्याच दिवशी चार्ज करा, उतरलेली पडून राहिली तर सेल कायमचा बसतो. लिथियमचं उलट आहे: हरभरा-ज्वारी घरात आली की सेल अर्धा भरलेला बाहेर काढून सावलीत ठेवा, पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरवर उन्हात नको. झाकणाच्या रबरी कड्यावर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा आणि खरिपाच्या मक्याआधी एकदा पूर्ण भरून घ्या.