पावसाळ्यातलं गढूळ पाणी तुरटीने कसं निवळावं

तापी-गिरणेला पूर आला की नळाला चहासारखं पाणी येतं आणि घरोघरी हंड्यात तुरटीचा खडा फिरू लागतो. 'सात वेळा फिरवा' हा सल्ला निरुपयोगी आहे. सात फेऱ्यांत किती तुरटी विरघळली, हे कुणालाच कळत नाही.

आधी रंग कशाचा ते बघा. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन मागे पांढरा कागद धरा. पाणी दुधाळ असेल आणि मिनिट-दोन मिनिटांत तळाकडून नितळ होत गेलं, तर ती नुसती हवा, सोडून द्या. बोअरचं पाणी काढताना नितळ आणि काही तासांनी तांबूस झालं, तर त्यात लोह आहे. हवा लागली की ते गंजतं. तिथे तुरटीचा खडा कामाचा नाही. हिरवट असेल तर शेवाळ, टाकी घासा. रात्रभर ठेवूनही मातकटच राहिलं, तरच तुरटी काढा.

(शुद्ध पाण्यालाही फिकट निळा रंग असतो, कारण ते प्रकाशातला तांबडा भाग शोषतं. ग्लासात तो दिसत नाही, काही मीटर खोली लागते. निळेपणा म्हणजे फक्त आभाळाचं प्रतिबिंब, असं ज्यांना वाटतं त्यांनी छपराखालचा, पांढऱ्या फरशीचा पोहण्याचा तलाव बघावा.)

आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती फार बारीक. तिच्या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, मग कण एकत्र येऊन कापसासारखे पुंजके होतात. तुरटी कमी पडली तर भार उरतो. जास्त झाली तर कणांवर उलटा भार चढतो आणि पाणी पुन्हा गढूळच राहतं, वर तुरटही लागतं. म्हणून प्रमाण अंदाजाने ठरवू नका.

10 ग्रॅम तुरटीची पूड 1 लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. लिटर-लिटरच्या चार पारदर्शक बरण्यांत तेच गढूळ पाणी भरा. बिनसुईच्या सिरिंजने त्यांत अनुक्रमे 2, 4, 6 आणि 8 मिली द्रावण टाका. लांब चमच्याने मिनिटभर जोरात ढवळा. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू, दोन सेकंदांत एक फेरी. घाई नेमकी इथेच होते. जोर तुरटी पसरण्यापुरता हवा; पुंजके धरू लागल्यावर जोर लावलात तर ते फुटतात आणि फुटलेले नीट जुळत नाहीत. अर्धा तास हात लावू नका. ज्या बरणीत सगळ्यात कमी तुरटीत पाणी नितळ झालं, तेच तुमचं प्रमाण. समजा ते 4 मिली निघालं, तर 200 लिटरच्या ड्रमला 800 मिली द्रावण, म्हणजे 8 ग्रॅम तुरटी. नवा पूर आला की चाचणी पुन्हा करा; कालचं प्रमाण आज चालत नाही.

ड्रमही तसाच ढवळा आणि तासभर झाकून ठेवा.

वरचं पाणी नळीने काढा, तळाचं चार बोटं तसंच सोडा. नितळ म्हणजे पिण्याजोगं नव्हे, तुरटीने सगळे जंतू मरत नाहीत. कापडातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्या आणि झाकूनच गार करा.