‘ना’ची वही

गोव्यातल्या साखळी गावात, एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात 2011 साली मी काउंटरवर उभा राहिलो, तेव्हा नुकतंच बी. कॉम. झालं होतं. मागच्या वर्षी किती खपलं ते बघायचं आणि तेवढा माल मागवायचा, याला मी अंदाज समजत होतो. आज म्हापशात एका वितरकाकडे कुठला पार्ट किती लागेल याचा अंदाज बांधायचं काम करतो. या कामात येऊ पाहणारी मुलं विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? मी म्हणतो, आधी सहा महिने काउंटरवर उभे राहा आणि एक वही ठेवा.

मेकॅनिक येतो, पार्ट दाखवतो, कोकणीत विचारतो, “आसा?”, म्हणजे आहे का? आपण म्हणतो, “ना”, म्हणजे नाही. तो स्कूटर वळवून दुसऱ्या दुकानात जातो. हा ‘ना’ बिलात येत नाही, म्हणून संगणकालाही दिसत नाही.

एका मे महिन्यात स्कूटरच्या ब्रेक शूचे 12 सेट खपले. मार्चात 40 गेले होते, एप्रिलात 38. संगणकाने तिन्हींची सरासरी काढली, 30. पण माल 9 तारखेलाच संपला होता आणि वहीत पुढचे 31 ‘ना’ होते. ते धरले तर सरासरी 40 च्या वर जाते. जूनला 30 च मागवले असते, तर ऐन पावसात पुन्हा ‘ना’ म्हणत बसलो असतो. एकच मेकॅनिक दोनदा विचारून गेला तर मागणी फुगते, म्हणून ‘ना’पुढे गॅरेजचं नावही लिहा.

सरासरी चालते ती रोज खपणाऱ्या मालाला. एखादा गिअर सहा महिन्यांतून एकदा जातो आणि गेला की तीन जातात. त्याची सरासरी महिन्याला अर्धा नग. अर्धा गिअर कोण घेणार? अशा मालासाठी क्रॉस्टन नावाच्या संशोधकाने 1972 मध्ये मांडलेली पद्धत शिका. एका वेळी किती जातात आणि दोन विक्रींत किती दिवस जातात, हे दोन अंदाज त्यात वेगळे बांधतात. एक्सेलमध्ये सहज जमतं.

पण गाड्याच रस्त्यावर नसतील तर कुठलंही सूत्र उपयोगाचं नाही, हे मला 2012 ने शिकवलं. आमचा मोठा धंदा खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकच्या पार्टांचा. क्लच प्लेटा, ब्रेक लायनिंग, स्प्रिंगचे पाटे, सगळं आधीच्या खपावरून भरलेलं. सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. टिपर दारात उभे राहिले, काहींच्या चाकांतून गवत वर आलं. आमचे पाटे रॅकवर गंजले. ज्यांचे हप्ते चालू होते, त्या मालकांचे चेहरे आजही आठवतात. 2018 मध्ये 88 खाण लीज रद्द होऊन खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा टिपरचा माल मी आधीच कमी ठेवला होता. त्या वर्षांत विक्रीच्या आकड्यांपेक्षा वर्तमानपत्र जास्त वाचत होतो.

पार्ट नंबर बदलतात, याकडेही लक्ष हवं. कंपनी जुना नंबर बंद करून त्याच पार्टाला नवा देते. दोन्ही जोडले नाहीत, तर नव्याचा इतिहास शून्य दिसतो आणि आपण तो मागवतच नाही. नवखे सगळे इथे एकदा तरी फसतात.

बाकी हंगाम गोव्याचाच. वायपर ब्लेडची ऑर्डर मी एप्रिलातच देतो, कारण पावसात घाटात गाडी अडकली की चार दिवसांत येणारा माल आठ दिवसांवर जातो. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली की काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या स्कूटर गॅरेजांत रांग लावतात. पर्यटक यायच्या आत त्या रस्त्यावर हव्यात. त्या आठवड्यांत बेल्ट आणि रोलरचा साठा मी रोज संध्याकाळी स्वतः मोजतो आणि त्या दिवसाचे ‘ना’ वाचूनच शटर ओढतो.