टेलिप्रिंटरच्या लूपला व्होल्टेज चढेच ठेवावे
टेलिटाइप मॉडेल १५ हा टेलिप्रिंटर (तारेवरून आलेला मजकूर छापणारे यंत्र) हॅम रेडिओला, म्हणजे हौशी रेडिओ संचाला, जोडताना, सिलेक्टर मॅग्नेटला (अक्षर निवडणाऱ्या विद्युतचुंबकाला) लूपमधून, म्हणजे त्याला प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटमधून, लागणारा ६० मिलिअँपिअर प्रवाह थोड्या व्होल्टवरही मिळतो म्हणून लहान पॉवर सप्लाय लावण्याचा मोह टाळावा, कारण कॉइलच्या इंडक्टन्समुळे (प्रवाहातील बदलाला होणाऱ्या विरोधामुळे) प्रवाह सावकाश चढतो आणि ४५.४५ बॉडला (सेकंदाला तितके बिट या वेगाला) प्रत्येक बिटाच्या वाट्याला जेमतेम २२ मिलिसेकंद येत असल्याने अक्षरे चुकू लागतात. त्याऐवजी सुमारे १२० व्होल्ट डीसी घेऊन, सिरीजमध्ये दोन हजार ओहमच्या आसपासचा, २५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर बसवावा. तो चांगलाच तापतो. रेडिओच्या बाजूला ऑप्टोकपलर (प्रकाशाने संकेत पोचवून दोन सर्किट विजेने वेगळी ठेवणारा भाग) हवाच, आणि लूपला हात लावण्याआधी वीज बंद करावी. यंत्र काहीही न छापता नुसते खडखडत राहिले, तर लूप कुठेतरी तुटला आहे.