डिप्लोमातून कॉम्प्युटरच्या डिग्रीला जायचंय? मग प्लॅनिंग पहिल्या सेमलाच करा

दहावी झाली, पॉलिटेक्निकला नंबर लागला, आता तीन वर्षं डिप्लोमा आणि मग डायरेक्ट सेकंड इयरला कॉम्प्युटर सायन्स, एवढं कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर पण सगळ्यांना माहिती असतंय. पण त्या तीन वर्षांत नेमकं काय जुळवून आणायचं हे कोण सांगत नाही, आणि पोरं सहाव्या सेमचा रिझल्ट लागल्यावर जून-जुलैमध्ये नेटकॅफेत बसून ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँचच्या पसंतीची यादी) म्हणजे काय असतंय हे एकमेकांना विचारत बसतात. माझं म्हणणं एकच आहे, मार्कांवर सीट मिळतेय हे खरं पण डिग्रीची तिसरी सेम मार्कांवर निघत नाही, त्यामुळे प्लॅनिंग उलटं करायचं, म्हणजे आधी डिग्रीच्या तिसऱ्या सेमला काय शिकवतात ते बघायचं आणि तिथून मागं येत डिप्लोमात काय पक्कं करायचं ते ठरवायचं.

आधी नियम बघू, पटकन. डायरेक्ट सेकंड इयरला कसली सीईटी नसते, डिप्लोमाच्या टक्क्यांवर मेरिट लागतं आणि कॅप राउंड, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्र ॲडमिशनच्या फेऱ्या, राज्याचं सीईटी सेल घेतं. पात्रतेला ४५ टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ४०. आणि डिप्लोमा कुठल्या पण ब्रँचचा चालतो, म्हणजे मेकॅनिकल करून पण कॉम्प्युटरला जाता येतं. (जाता येतं म्हणून जावंच असं नाही, त्यावर खाली बोलू.) आता जागा किती, तर मंजूर जागांच्या १० टक्के वरच्या म्हणजे सुपरन्यूमररी, आणि फर्स्ट इयरला ज्या रिकाम्या राहिल्या त्या. हे नीट समजून घ्या कारण सगळा खेळ इथंच आहे. ६० ची एक बॅच असेल तर १० टक्क्यांनी ६ जागा होतात, त्यात पुन्हा कॅटेगरी, आणि कॉम्प्युटरला फर्स्ट इयरच्या जागा चांगल्या कॉलेजात रिकाम्या राहतातच कुठं? सिव्हिलला त्यामानानं कमी टक्क्यांवर मिळेल असलं कॉलेज कॉम्प्युटरला वरच्या टक्क्यांच्या पोरांनी भरून जातंय ते यामुळं.

डिप्लोमा कुठं करायचा यावर घरात लई वाद होतात, पण एमएसबीटीईला, म्हणजे डिप्लोमाच्या राज्य बोर्डाला, जोडलेल्या कॉलेजांचा सिलॅबस एक, पेपर एक. विद्यानगरातलं गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक असो, गारगोटीचं आयसीआरई असो नाहीतर हायवेवरचं एखादं प्रायव्हेट असो. फरक पडतो तो फी, लॅब, मास्तर लोक आणि रोजचा प्रवास यात. रोज दोन-दोन तास एसटीत जाणार असतील तर ते तास मॅथ्समधून जाणार आहेत हे धरून चाला. गव्हर्नमेंट मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, फी वाचते. ब्रँच कॉम्प्युटर नाही मिळाली आणि आयटी मिळाली तर रडत बसू नका, सुरुवातीचे बरेच विषय तेच आहेत. मेकॅनिकल किंवा सिव्हिल मिळालं आणि शेवटी कॉम्प्युटरलाच जायचं पक्कं असेल तर डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस (डेटाबेस), ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं स्वतःच्या हिमतीवर बाहेरून करायची तयारी पाहिजे, डिग्रीत कोण थांबत नाही तुमच्यासाठी.

आता मेन काम. पहिल्या सेमच्या दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस काढा आणि ज्या चार-पाच कॉलेजांवर डोळा आहे त्यांच्या साइटवरनं सेकंड इयर कॉम्प्युटरचा सिलॅबस डाउनलोड करा. आपल्या पट्ट्यात गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, इचलकरंजीचं डीकेटीई, राजारामनगरचं आरआयटी, सांगलीचं वालचंद ही नावं असतातच. यातली बरीचशी ऑटोनॉमस आहेत, म्हणजे सिलॅबस ज्याचा त्याचा वेगळा, एकाचा बघून दुसऱ्याचं धरून चालू नका. मग वहीचं एक पान घ्या, डाव्या बाजूला डिप्लोमाचे विषय, उजव्या बाजूला डिग्रीचे, आणि रेघा मारा. डाव्या बाजूचं डेटा स्ट्रक्चर उजव्या बाजूला जातं, डिजिटल टेक्निक्स आणि मायक्रोप्रोसेसर मिळून कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनला जातात, सी प्लस प्लस आणि जावा ऑब्जेक्ट ओरिएंटेडला, नेटवर्क नेटवर्कला. आणि मग उजव्या बाजूला दोन-तीन विषय असे उरतात ज्यांना डावीकडनं रेघच येत नाही. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, प्रॉबेबिलिटी-स्टॅटिस्टिक्स, कुठं लिनियर अल्जेब्रा. तीन वर्षांचं तुमचं खरं होमवर्क म्हणजे हे उरलेले विषय.

मॅथ्सवर जरा थांबतो, कारण डिप्लोमावाले तिथंच मार खातात. के स्कीममध्ये, म्हणजे २०२३-२४ पासून चालू झालेल्या सिलॅबसमध्ये, पहिल्या सेमला बेसिक मॅथ्स आणि दुसऱ्या सेमला अप्लाइड मॅथ्स आहे, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, थोडं न्युमरिकल मेथड्स वगैरे. त्यानंतर कॉम्प्युटरच्या पोरांना मॅथ्सचा पेपरच नाही. म्हणजे डिग्रीला जाईपर्यंत दोन वर्षं हाताला गणित लागलेलं नसतं, आणि तिकडं वर्गात बसलेली निम्म्याहून जास्त पोरं बारावी, सीईटी आणि फर्स्ट इयरचे मॅथ्सचे दोन पेपर करून आलेली असतात. मॅट्रिक्सची रँक, आयगन व्हॅल्यू, पार्शल डिफरन्सिएशन हे त्यांचं झालेलं असतंय, मास्तर "हे तुम्हाला येतंयच" म्हणून पुढं जातात.

यावर उपाय काय, तर दुसरी सेम संपली की मॅथ्स सोडायचं नाही, बास. आठवड्यातनं दोन दिवस, दिवसाला एक तास, जास्त नको. तिसऱ्या-चौथ्या सेममध्ये अकरावी-बारावी सायन्सची मॅथ्सची पुस्तकं घेऊन लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन आणि प्रॉबेबिलिटी एवढेच चॅप्टर करा, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मग पाचव्या सेमला मॅट्रिक्सचं आयगन व्हॅल्यूपर्यंतचं काम. आणि सहावीची परीक्षा झाल्यावर ॲडमिशन होईपर्यंत जे रिकामे महिने मिळतात ना, ज्यात सगळे गोव्याला जाऊन येतात, त्यात डिस्क्रीट. सेट, रिलेशन, लॉजिक, इंडक्शन, ग्राफ. एनपीटीईएलवर आयआयटीच्या मास्तरांची लेक्चर फुकट आहेत. डिस्क्रीटमध्ये डिप्लोमावाल्याला उत्तर काढता येतं पण सिद्ध करून दाखवा म्हटलं की हात थांबतो कारण डिप्लोमात आपल्याला असलं कोणी विचारलेलंच नसतंय, त्यामुळे इंडक्शनची गणितं भरपूर, कागदावर पूर्ण वाक्यं लिहून करायची.

नियमात ब्रिज कोर्सची तरतूद आहे, वेगवेगळ्या बॅकग्राउंडच्या पोरांसाठी मॅथ्स वगैरेचे. पण त्याच्या भरवशावर राहू नका, तो ब्रिज रेग्युलर लेक्चरच्या सोबतच चालणार आणि तेव्हा श्वास घ्यायला पण वेळ नसतो.

प्रोग्रॅमिंगचं उलटं आहे, इथं आपण पुढं असायला पाहिजे आणि बऱ्याचदा असतो पण. बारावीवरनं आलेल्या पोरानं फर्स्ट इयरला कोड लिहायला घेतलेला असतो आणि तुम्ही तोपर्यंत सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, एसक्यूएल सगळं हाताळलेलं असतं, म्हणजे असायला पाहिजे, लॅब मॅन्युअल दुसऱ्याचं बघून उतरवलेलं नसेल तर. एमएसबीटीईच्या पेपरला लिंक्ड लिस्टची व्याख्या आणि आकृती काढून मार्क मिळून जातात, डिग्रीच्या प्रॅक्टिकलला ती लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखव म्हणतात. म्हणून डेटा स्ट्रक्चर चालू असलेल्या सेमला प्रत्येक स्ट्रक्चर सीमध्ये स्वतः लिहा, पॉइंटर आणि रिकर्शन डोक्यात बसेपर्यंत पुढच्या फॅशनेबल गोष्टींकडं जाऊ नका. पोरं तिसऱ्या सेमला मशीन लर्निंगचा कोर्स लावतात आणि ट्री ट्रॅव्हर्सल येत नसतं. टाइम कॉम्प्लेक्सिटी डिप्लोमात वरवर होते, ती जरा खोलात बघून ठेवा, डिग्रीत अल्गोरिदमचा अख्खा विषय तिच्यावर उभा आहे.

शेवटचं वर्ष मार्कांसाठी राखून ठेवा. आय स्कीमच्या, म्हणजे के स्कीमच्या आधीच्या सिलॅबसच्या, पोरांचे डिप्लोमाचे टक्के पाचवी आणि सहावी सेम मिळून धरत आलेत, के स्कीमवाल्यांनी आपल्या वर्षाची माहिती पुस्तिका आली की मेरिटचं पान सगळ्यात आधी वाचायचं. काही असलं तरी पाचव्या-सहाव्या सेमला टर्मवर्क, मायक्रो प्रोजेक्ट, कॅपस्टोन (शेवटचा मोठा प्रोजेक्ट), इंटर्नशिपचा रिपोर्ट यात मार्क घालवणं म्हणजे शुद्ध आळस आहे. जवळच्या कट ऑफला अर्ध्या टक्क्यात पंधरा पोरं उभी असतात. इलेक्टिव्ह निवडायची वेळ आली की खरं सांगायचं तर कॉलेज जे चालवतंय तेच घ्यावं लागतंय, पण चॉइस असलाच तर डेटा ॲनालिटिक्स किंवा मशीन लर्निंग घ्या, गणिताशी संबंध टिकून राहतो. आणि एटीकेटी, म्हणजे मागं राहिलेले विषय, चौथ्या सेमपर्यंतच निपटवा, फायनल इयरला बॅकलॉग डोक्यावर असेल आणि रिझल्ट वेळेत क्लिअर नाही झाला तर ते वर्षच जातंय.

कागदपत्रं. यात हुशार पोरं पण अडकतात. दहावीचं मार्कशीट, डिप्लोमाची सगळी मार्कशीट, एलसी, डोमिसाइल, नॅशनॅलिटी, आणि कॅटेगरीतनं भरणार असाल तर जातीचा दाखला, कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रीमी लेयर. नॉन क्रीमी लेयर ॲडमिशननंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध पाहिजे, जुना घेऊन गेलात की परत पाठवतात. व्हॅलिडिटीचं काम विचारे माळच्या सामाजिक न्याय भवनात, आणि ते चौथ्या सेमलाच टाका. आजोबांच्या शाळेचा दाखला, वडिलांच्या आत्याचा दाखला, गावच्या शाळेतनं उतारा, हे गोळा करता करता महिने जातात आणि ऐन जुलैमध्ये तिथं रांग किती असते ते बघून या एकदा. डिप्लोमाच्या ॲडमिशनला व्हॅलिडिटी काढली असेल तर तीच चालते, फक्त ओरिजिनल कुठं ठेवलीय ते आईला विचारून ठेवा.

पैशाचं पण याच वेळी बघा. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या साइटवर, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपनच्या पोरांना ट्यूशन फीची निम्मी रक्कम मिळते. मुलींसाठी २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीमध्ये, त्याच ८ लाखांच्या अटीत, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, त्यामुळे "पोरीला एवढी फी कशाला" असं कोण पाहुणा म्हणाला तर त्याला हे सांगा. पण ॲडमिशन कॅपमधनं झालेलं पाहिजे. कॉलेज लेव्हलला, मॅनेजमेंट कोट्यात घुसलात तर हे सगळं विसरा, आणि तिथं गोड बोलून "नंतर स्कॉलरशिप बसवून देतो" म्हणणारे भेटतात त्यांच्याकडनं ते लिहून मागा.

ऑप्शन फॉर्म भरताना साधी गोष्ट, आवडीच्या क्रमानं भरा, मिळेल का या क्रमानं नाही. वर वालचंद टाकल्यानं खालच्या केआयटीचा चान्स कमी होत नाही, मेरिट तेच राहतं. पण पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे सीट तिथंच पक्की, पुढच्या राउंडला बदलता येत नाही, म्हणून पहिल्या नंबरला मित्राच्या नादानं कायतरी टाकू नका. मागच्या वर्षांचे कट ऑफ सीईटी सेलच्या साइटवर पीडीएफमध्ये असतात, त्यात आपल्या कॅटेगरीचा कोड शोधून दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. ब्रँच की कॉलेज यावर माझं मत विचाराल तर कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स यात फार ओढाताण करू नका, चांगल्या कॉलेजातलं आयटी घ्या. पुण्याला जायचं का, तर टॉपचं मिळत असेल तर जा, नाहीतर कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कॉलेजसाठी खोली-मेसचा खर्च वर करण्यापेक्षा घरची भाकरी खाऊन इथंच शिका.

आणि शेवटचं, ॲडमिशन होईपर्यंत बऱ्याचदा सेकंड इयरचे वर्ग चालू होऊन काही आठवडे झालेले असतात. तुम्ही फी भरून आत जाता तेव्हा डिस्क्रीटचं पहिलं युनिट संपलेलं असतंय आणि पहिली टेस्ट तोंडावर आलेली असते. त्यामुळे अलॉटमेंट लागली त्याच दिवशी त्या कॉलेजातला डिप्लोमातनं आलेला सीनियर शोधा (एखादा मिळतोच, आपल्याच पॉलिटेक्निकचा असतोय), त्याच्याकडनं चालू सेमचं टाइमटेबल आणि झालेल्या युनिटच्या नोट्स मागून घ्या, आणि ब्रिजचा पेपर वेगळा पास करावा लागतो का, त्याचे मार्क सीजीपीएत धरतात का, हे डिपार्टमेंटच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात विचारा.